काटकसरीचं बिल

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून युरोपला निघालो, तेव्हा सोसायटीतल्या एका स्नेह्यांनी मला जिन्यातच गाठलं. "अहो, जानेवारीत? तिकडं आता बघायला आहे काय?" प्रश्न रास्त होता. ते स्वतः आदल्या मे महिन्यात सपत्नीक जाऊन आले होते. अकरा दिवसांत सहा देश, रोज संध्याकाळी वरण-भात, बसमध्ये अंताक्षरी आणि परत आल्यावर बाराशे फोटो. मी म्हटलं, "बघायला काय आहे ते गेल्यावर कळेल. पण जानेवारीत सगळं स्वस्त असतं." त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची आहे. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडं लोक तसंच बघतात.

थंडीत आणि थोडक्या पैशांत युरोप कसा बघावा, हे सांगण्यासारखं आहे आणि ते मी सांगणारच आहे. पण मला खरं लिहायचं आहे ते काटकसरीविषयी. मराठी मध्यमवर्गाचा हा सगळ्यांत आवडता सद्गुण. मी तो जन्मभर मिरवला, माझ्या दोन कादंबऱ्यांतून त्याचं कौतुकही केलं. त्या वीस दिवसांत त्याच्याविषयीचं माझं मत थोडं बदललं. का बदललं, ते सांगतो.

माझी पिढी परकीय चलनाला भिऊन वाढली. १९८१ साली मी बँकेत लागलो आणि काही वर्षांनी परकीय चलन विभागात आलो. तेव्हा १९७३ चा 'फेरा' कायदा होता. परदेशी जाणाऱ्याला किती डॉलर द्यायचे ते रिझर्व्ह बँकेचे नियम ठरवत. आम्ही ते मोजून द्यायचो आणि त्याच्या पासपोर्टवर तशी नोंद करून शिक्का मारायचो. समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्या काउंटरपाशी तो ओशाळलेला असे, जणू देशाच्या तिजोरीतून काही उचलून नेतोय. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून लंडनला धाडलं, तेव्हा आमच्या विभागात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुढं २००० साली 'फेमा' आला, २००४ पासून सामान्य माणसालाही वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेता येऊ लागले, आणि आता ही मर्यादा अडीच लाख डॉलरवर गेली आहे. नियम सैल झाले, पण माझ्या बोटांना लागलेली सवय सैल झाली नाही. परदेशात एक नाणं खर्च करायचं म्हटलं की अजूनही पोटात खड्डा पडतो.

ही शिक्षिका होती. तिचं स्वतःचं निवृत्तिवेतन आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत ती मी विसरलो होतो.

बेत असा होता : बुडापेस्टला उतरायचं, तिथून व्हिएन्ना, तिथून पॅरिस आणि परत. वीस रात्री, दोघांना मिळून रोज शंभर युरो. त्यात राहणं, खाणं, फिरणं सगळं. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. विमानाची तिकिटं, व्हिसा आणि विमा धरून दोघांचा सगळा खर्च साडेतीन लाखांच्या आत बसत होता. मे महिन्यातल्या सहलीचे जे दर मी विचारून ठेवले होते, त्यात एवढ्या पैशांत जेमतेम सव्वा माणूस गेला असता.

व्हिसासाठी बँकेची खातेउतारे द्यावे लागतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उताऱ्यांवर सही-शिक्का करणारा मी, स्वतःचा उतारा काखेत घेऊन रांगेत उभा राहिलो. शेंगेन व्हिसाची फी तेव्हा माणशी ८० युरो होती, २०२४ च्या जूनपासून ती ९० झाली. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विम्याचा हप्ता भरताना मी कुरकुरलो. "वीस दिवसांत काय होणार आहे?" असं म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

आता थंडीच्या बाजूनं बोलतो. नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरली की बर्फावर घसरायला जाण्याची डोंगरातली गावं सोडून बाकीच्या शहरांत खोल्या रिकाम्या पडतात आणि दर उतरतात. रांगा आखूड होतात. पण खरा फायदा वेगळाच आहे. उन्हाळ्यात ही शहरं पाहुण्यांसाठी सजलेली असतात, हिवाळ्यात ती स्वतःच्या कामाला लागलेली असतात. एकच उदाहरण देतो. व्हिएन्नाचा सरकारी ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो. त्या सुमारास गेलेली माणसं ती सुंदर इमारत बसच्या काचेतून बघून पुढं सरकतात. जानेवारीत त्याच इमारतीत जवळजवळ रोज रात्री खेळ असतो आणि गावातली माणसं कोट काढून ठेवायला रांग लावतात. आपण त्यांच्यामागं उभं राहायचं.

राहायचं कुठं, याचं उत्तर आम्हाला जुनं माहीत होतं. सह्याद्रीत आणि हिमालयात भटकलेल्या मराठी माणसाला 'यूथ हॉस्टेल' हा शब्द नवा नाही. ती कल्पना मुळात जर्मनीतल्या एका शाळामास्तरची. रिचर्ड शिरमान त्यांचं नाव. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात सापडले, रात्र एका शाळेत गवतावर झोपून काढली आणि त्यांच्या मनात आलं, की गरीब मुलांना हिंडायचं तर असा निवारा गावोगावी हवा. १९१२ च्या सुमारास आल्तेनाच्या किल्ल्यात त्यांनी पहिलं कायमचं वसतिगृह थाटलं. आज युरोपातल्या हॉस्टेलांत वयाची अट सहसा नसते. दोघांची स्वतंत्र खोली मिळते आणि सामायिक स्वयंपाकघर असतं. आमच्या वयाचं कुणी दिसलं की पोरं आदरानं शेगडी मोकळी करून देतात.

शिधा आम्ही घरून नेला होता. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डाळ-तांदूळ, गोडा मसाला. (तूप, खवा, दुधाचे पदार्थ नेऊ नयेत, युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे.) रोज संध्याकाळी बुडापेस्टच्या त्या हॉस्टेलात खिचडीचा वास सुटे. मी शेजारच्या टेबलाशी बसून दिवसाचा हिशेब लिही. दोघांचं जेवण दोन युरोंत, असं मी अभिमानानं मुलाला फोनवर सांगत असे. खिचडी कोण करतंय, भांडी कोण घासतंय, हा रकाना माझ्या वहीत नव्हता. मुलानं एकदा विचारलंही, "बाबा, आई सुट्टीवर आहे ना?" मी हसण्यावारी नेलं.

बुडापेस्टला जानेवारीत साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो. थंडीत फिरायचं तर हा दिवस ओळखायला शिकावं लागतं. सकाळी नऊ ते चार उजेडात पायी हिंडायचं आणि अंधार पडला की उबेच्या जागी जायचं. डॅन्यूबच्या काठानं जाणारी दोन नंबरची ट्राम म्हणजे एका तिकिटात पाहिलेलं सगळं शहर. १८९६ सालची भुयारी रेल्वे अजून धावते. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची ती पहिली. तिची पिवळी छोटी डबेगाडी आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण वाटते. त्याच रेल्वेनं आम्ही शहरातल्या मोठ्या बागेत गेलो. तिथं सेचेनी नावाचं उन्हाळ्याचं स्नानगृह आहे. १९१३ सालचं. उन्हाळ्याचं म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखं, जमिनीतून गरम पाणी येणारं. बाहेर शून्याखाली थंडी, उघड्यावर वाफाळणारं पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बसून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, हे चित्र हिनं कुठल्याशा मासिकात तरुणपणी पाहिलं होतं. सगळ्या सहलीत तिनं स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

दोघांची तिकिटं मिळून पन्नास युरोंच्या वर होती. अर्ध्या दिवसाचं बजेट. मी फलकापुढं उभा राहून मनात गुणाकार केला आणि म्हटलं, "साडेचार हजार रुपये! आंघोळीला?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "राहू दे." इमारतीच्या मागून वाफ वर चढत होती. ती बघत आम्ही जरा वेळ थांबलो आणि परत आलो. त्या रात्री वहीत मी लिहिलं : 'बचत'.

बुडापेस्टहून व्हिएन्ना आगगाडीनं अडीच-पावणेतीन तासांवर आहे. आगाऊ काढलं तर तिकीट स्वस्त पडतं. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्यानं बघण्याची तिकिटं असतात आणि ती खेळाच्या दिवशी विकतात. दोघांना मिळून एका साध्या जेवणाइतके पैसे पडले. जागा धरण्याची तिथली रीत मोठी गमतीची आहे. आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधायचा आणि खुशाल हिंडून यायचं. त्या मफलराला कुणी हात लावत नाही. आमच्याकडं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात त्याचीच ही चुलत बहीण, फक्त भांडण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मार्चमध्ये, बाँब पडून हे नाट्यगृह जळालं आणि १९५५ साली पुन्हा उघडलं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या आजीबाई पंच्याऐंशीच्या तरी असतील. त्यांना गाणं पाठ होतं, ओठ हलत होते. तीन तास आम्ही उभे होतो, पण पाय दुखल्याचं मला आठवत नाही. हिचे दुखत असावेत. मी विचारलं नाही.

खेळ सुटला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हॉस्टेल अडीच किलोमीटरवर होतं. ट्रामचं तिकीट माणशी २ युरो ४० सेंट. मी म्हटलं, "हवा छान पडलीय, चालत जाऊ." हवा छान वगैरे काही नव्हती. दुपारी वितळलेलं बर्फ रात्री पुन्हा गोठलं होतं. पदपथावर काचेसारखा पातळ थर बसला होता.

आणि एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. माझ्या पायांत ट्रेकिंगचे जाड तळव्यांचे बूट होते, जुने पण भक्कम. तिच्या पायांत रोज सकाळी बागेत फिरायला जाताना घालते ते बूट होते, तळवे झिजून गुळगुळीत झालेले. निघण्यापूर्वी मुलगा म्हणाला होता की आईला चांगले बूट घेऊ. "वीस दिवसांसाठी कशाला?" हे मी म्हटलं होतं. "हो, कशाला उगीच," हे तिनं म्हटलं होतं.

एका वळणावर ती घसरली. पडताना डावा हात टेकला. आवाज झाला नाही, पण तिचा चेहरा मी दिव्याखाली पाहिला आणि मला कळलं.

इस्पितळात फार चांगलं वागवलं. पासपोर्ट बघितला, विम्याचा कागद बघितला, एक्स-रे काढला. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर सहा आठवडे. (पैसे आम्ही भरले आणि ते विमा कंपनीनं पुढं दिले. ज्या हप्त्यावर मी कुरकुरलो होतो तोच कामाला आला, हे ओघानं आलंच.) पहाटे दोनच्या सुमारास आम्ही तिथल्या मार्गिकेत बाकावर बसलो होतो. तिनं विचारलं, "अहो, आज किती वाचवलेत?"

मी म्हटलं, "चार युरो ऐंशी सेंट."

"लिहून ठेवा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कितीदा असं 'चालत जाऊ' म्हटलं असेल आणि ती चालली असेल, याचा हिशेब त्या बाकावर बसून मला लागेना. बँकेत दिवसअखेर एक रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधणारा माणूस मी. हा फरक बेचाळीस वर्षं माझ्या नजरेला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी परत जाण्याची भाषा केली. तिनं ती मोडून काढली. "हात मोडलाय, डोळे नाही मोडले," म्हणाली. मात्र वही तिनं आपल्याकडं घेतली. उजवा हात शाबूत होता. तिनं पहिलं काम हे केलं, की माझ्या सुबक रकान्यांच्या शेजारी शाईनं एक नवी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'उधळपट्टी : रोज पाच युरो'. ही रक्कम खर्च केलीच पाहिजे, उरली तर दंड. दुसरं काम म्हणजे तिला बर्फावर चालायचे बूट घेतले. आणि तिसरं, खिचडी मी करायला लागलो. पहिल्या दिवशी ती करपली. शेजारच्या शेगडीवरच्या मुलानं न बोलता आपल्या भांड्यातल्या शेवया आमच्यासमोर सरकवल्या.

उधळपट्टीचा पहिला मान व्हिएन्नातल्या कॉफीगृहाला मिळाला. (दोन कॉफ्यांनी पाचाची मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली, पण वही तिच्याकडं होती.) या कॉफीगृहांची संस्कृती ऑस्ट्रियानं २०११ साली आपल्या वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली आहे. छोट्या तबकात दुधाळ कॉफी येते, सोबत पाण्याचा ग्लास असतो आणि लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं भिंतीवर टांगलेली असतात. एका कॉफीवर कितीही वेळ बसा, उठा म्हणून कुणी सांगत नाही. मी सवयीनं हिशेब केला, दोन तासांची ऊब ताशी तीन-साडेतीन युरो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पेन खाली ठेवलं.

व्हिएन्नाहून पॅरिसला आम्ही रात्रीच्या गाडीनं गेलो. एका तिकिटात प्रवास आणि रात्रीचा मुक्काम. तिला खालचा बर्थ मिळाला, माझ्याकडं दोन सॅक, एक पाठीवर, एक पोटावर. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही गाडी २०२५ च्या डिसेंबरात बंद झाली. पुढं कधीतरी जाऊ म्हणून ठेवलं असतं तर ती आम्हाला मिळाली नसती. इतर मार्गांवर रात्रीच्या गाड्या अजून आहेत, ज्यांना जायचंय त्यांनी त्या चौकशी करून घ्याव्यात.

पॅरिस महाग शहर म्हणून बदनाम आहे. पण तिथं गरिबाची सोय लावणारे काही जुने रिवाज आहेत. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर बसून पिण्यापेक्षा स्वस्त, आणि दोन्ही दर फलकावर लिहिलेले असतात. जेवताना नळाचं पाणी जगभरून फुकट मागता येतं. पाव सव्वा युरोच्या आसपास मिळतो आणि तो खरोखर जेवण असतो. कार्नाव्हाले नावाचं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, त्यातला कायमचा संग्रह मोफत. ओर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतं, मात्र वेळ आधी राखून ठेवावी लागते. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला पहिला रविवार होता आणि आम्ही सकाळीच पोचलो.

तिथं क्लोद मोने या चित्रकाराचं बर्फाचं एक चित्र आहे. १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं. कुंपणाच्या फाटकावर एक काळा-पांढरा पक्षी बसला आहे आणि बाकी सगळं बर्फ. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८६९ साली ते नाकारलं होतं. ही प्लास्टरचा हात झोळीत घालून त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बर्फाची सावली निळी आहे बघा. व्हिएन्नात दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघितली, अगदी तश्शी." ती सकाळ मी इस्पितळाचे कागद लावण्यात घालवली होती. सावल्या निळ्या होत्या हे मला माहीत नव्हतं.

आता थोडं कडू. थोडक्या पैशांत थंडीत हिंडणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे ज्यांच्यापाशी थोडकेही पैसे नाहीत ती माणसं. पाऊस लागला की आम्ही पाँपिदू केंद्रातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचो. १९७७ पासूनचं हे वाचनालय कुणालाही खुलं, फुकट, नाव-गाव न विचारता. (२०२५ मध्ये इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली आणि वाचनालय दुसरीकडं हलवलं.) एका बाजूला परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, दुसऱ्या बाजूला चार पिशव्यांत संसार घेऊन आलेला एक माणूस, पुढं पुस्तक उघडं. तो वाचतही होता. ऊब त्यालाही हवी होती आणि आम्हालाही. पण संध्याकाळी आमच्या खिशात खोलीची किल्ली होती. आमची काटकसर हा हौसेचा खेळ होता, परतीच्या तिकिटासकट. त्याची तशी नव्हती.

त्या वाचनालयापासून सेबास्तोपोल नावाचा हमरस्ता जवळच आहे. १९५४ च्या कडाक्याच्या थंडीत त्या रस्त्याच्या पदपथावर एक बाई गारठून मेली. घरातून काढल्याचा कागद तिच्या हातात होता. एका पाद्र्यानं रेडिओवरून ही बातमी सांगून मदतीची हाक दिली आणि सगळा देश हलला. १९५६ साली कायदा झाला. आज तिथं १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. थकबाकी माफ होत नाही, दावा चालू राहतो, पण थंडी संपेपर्यंत दाराबाहेर नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी वसुली विभागातली तीन वर्षं आठवली. घरांच्या दारांवर ताब्याच्या नोटिसा मी लावल्या आहेत. कायद्यानं योग्य होत्या, बँकेचे पैसे जनतेचे होते, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण बाहेर पाऊस किती आहे हे बघून मी नोटीस कधी मागं ठेवली नाही. तसा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

एवढं सगळं सांगून मुद्द्यावर येतो. काटकसर वाईट, असं मी म्हणत नाही. तिच्यामुळंच आमच्या पिढीनं मुलं शिकवली, कर्जं फेडली, घरं बांधली. तिच्यामुळंच दोन निवृत्त माणसं युरोपात वीस दिवस हिंडू शकली. पण प्रत्येक बचतीचं बिल कुणीतरी भरत असतं. ते बिल मी भरत असेन तर ती काटकसर. दुसऱ्याच्या पायांनी, दुसऱ्याच्या पाठीनं, दुसऱ्याच्या गप्प बसण्यानं ते भरलं जात असेल, तर तिला वेगळं नाव द्यायला हवं.

आपल्या घरांत हे बिल बहुतेक वेळा बायकांनी भरलं आहे. घरात मिक्सर उशिरा आला, तेवढी वर्षं कुणाचे हात दुखले? रिक्षा न करता बाजारातून पिशव्या कुणी आणल्या? 'मला काही नको' हे वाक्य कुणाच्या तोंडी होतं आणि ते ऐकून 'आमच्या हिला कशाची हौसच नाही' असं कौतुकानं कोण सांगत होतं? माझ्या कादंबऱ्यांतले काटकसरी नवरे वाचकांना आवडले. त्यांच्या बायकांना मी फार थोडे संवाद दिले होते. आता पुस्तकं चाळताना ते लक्षात येतं.

म्हणून ज्यांना थंडीत, कमी पैशांत जायचं आहे, त्यांनी जरूर जावं. गुडघे आणि छाती ठीक असतील तर साठी उलटल्यावरही जावं. माणसं भेटतात, शहरं खरी दिसतात. दिवसाचा हिशेबही लिहावा, त्यात मजा आहे. फक्त तीन गोष्टी माझ्याकडून ऐका. बुटांवर आणि विम्यावर पैसे वाचवू नका. बरोबरच्या माणसानं काही मागितलं तर फलकापुढं उभं राहून रुपयांत गुणाकार करू नका. आणि हिशेबाची वही एकाच माणसाकडं ठेवू नका.

वीस दिवसांचा जमा-खर्च शेवटी तिनंच मांडला. इस्पितळाचे पैसे वेगळे काढून ठरलेल्यापेक्षा १३२ युरो जास्त गेले होते. त्यात बूट होते, कॉफ्या होत्या, पॅरिसच्या पुलावर घेतलेले भाजके चेस्टनट होते. प्लास्टरमुळं पाण्यात मात्र कुठं उतरता आलं नाही. परत आल्यावर तिच्या मनगटाला व्यायाम सांगितला होता, तो ती अजून करते. थंडी पडली की ते दुखतं.

ती वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर, बेरजेच्या खाली, शाळेत फळ्यावर लिहायची त्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे : 'बुडापेस्टचं स्नान, दोघांचं. बाकी.'

ही बाकी अजून फिटलेली नाही.